एका फीमध्ये दोघी

रकाना १. नाव

छोट्या मित्रांनो, या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नाही. मला नाव नाही, नंबर आहे. तुम्हाला कल्पना यावी म्हणून सांगते : दोन नळ्यांची, अक्रोडाच्या दस्त्याची, आता वय झालेली मी एक बंदूक. आकाशात उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडण्याच्या खेळासाठी मला घडवले. दुबईतल्या एका हत्यारांच्या दुकानात, काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर मी राहते.

आमच्या दुकानात बंदूक घ्यायला येणाऱ्याला आधी एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. तू कोण, कुठला, तुझ्यावर कधी केस झाली का, असे सगळे त्यात विचारतात. तसाच फॉर्म आज मी भरते आहे. एवढ्या वर्षांत मला कुणी काही विचारले नाही. जे विचारले ते तिच्याबद्दल.

ती कोण, ते तिच्या रकान्यात येईल. त्याआधीची जागा मी तिला देणार नाही.

रकाना २. जन्मस्थान

एक थंड गाव. खाली नदी, वर कारखाना. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या दोन्ही नळ्या उजेडासमोर धरून आरपार पाहिले आणि मान हलवली. माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी ती.

तिच्या पोलादी पट्टीवर बदक कोरलेले आहे. माझी पट्टी साधी आहे.

(वरची ओळ या रकान्यात बसत नाही. राहू द्या.)

रकाना ३. राहण्याचे ठिकाण आणि सोबतची माणसे

दुबई, २००७ पासून. दुकानाच्या मालकाला सगळे अरबाब म्हणत. हाताखाली दोन माणसे होती. सतीश पुण्याचा. तो कॉम्प्युटरवर बसायचा आणि नियम त्याला तोंडपाठ. दुसरा खैरुद्दीन, रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदरावरचा. तो काउंटर सांभाळायचा, गिऱ्हाइकांचे फॉर्म भरायचा आणि आमची निगा राखायचा. दर गुरुवारी मऊ फडक्याला तेल लावून तो मला पुसायचा. माझ्या नळीत स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत त्याचा हात थांबत नसे.

त्याची बायको ताजबी आणि मुलगी अफशा त्याच्याबरोबर दुबईतल्याच करामा भागात राहत. अफशा ऊद मेथा भागातल्या शाळेत सहावीत होती. खैरुद्दीनची नोकरी गेली तर व्हिसा जाणार, आणि व्हिसा गेला तर तिघांनाही महिन्याभरात देश सोडावा लागणार. हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नसे.

रकाना ४. चौकशी पूर्ण झाली काय?

झाली. माझ्यासाठी झाली. हे ठळक अक्षरात लिहावे.

ऑगस्ट २००८ मध्ये बू राशिद नावाचे एक साहेब आले. अजून न बांधलेल्या इमारती कागदावर विकून त्यांनी मोठे नाव केले होते. त्यांनी कपाटातल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केले. मला खांद्याला लावले, गाल टेकवला आणि म्हणाले, "यही."

खैरुद्दीनने काळ्या पेनने फॉर्म भरला. बोटांचे ठसे घेतले. दोनशे दिरहम फी घेतली, म्हणजे आपले चोवीसशे रुपये. चौकशी बंदुकीची नसते, माणसाची असते. म्हणून एका फॉर्मवर एक बंदूक लिहा, दोन लिहा, फी तेवढीच. मात्र फॉर्म पुढे गेल्यावर दुसरी आठवली, तर नवा फॉर्म, नवी फी आणि नवी चौकशी. आमच्या दुकानाचा रिवाज हा असा होता.

साहेबांना आणखी काही आठवले नाही. फॉर्मवर मी एकटी होते.

चौकशीला अकरा दिवस लागले. मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी अकरा दिवस थांबले आहे का? एका माणसाचा सगळा भूतकाळ उलटापालटा करून पाहिला गेला, केवळ तो मला हात लावायला लायक आहे की नाही यासाठी. उत्तर आले : स्वच्छ. त्या दिवशी मी कपाटातल्या बाकीच्यांकडे पाहिलेसुद्धा नाही.

मग रमजान आला. साहेब म्हणाले, दस्ता माझ्या खांद्याच्या मापाचा करून ठेवा, सवडीने नेतो. खैरुद्दीनने माझा दस्ता घासून कमी केला. मला दुखले नाही. मी आता कुणाची तरी होते.

रकाना ५. याआधी कधी मत्सर वाटला आहे काय? (हो / नाही)

नाही. (खोडावे.)

रकाना ६. दुसरे हत्यार, असल्यास

आहे. खालच्या फळीवर. माझ्याहून बुटकी, वजनाने हलकी. बदक मघाशी सांगितलेच.

ऑक्टोबरपासून दुकानात गिऱ्हाईक यायचे बंद झाले. पैसेवाल्यांचे पैसे कुठे गेले ते मला कळत नाही, पण समोरच्या इमारतीवरची क्रेन एका बाजूला वळून थांबली ती थांबलीच. डिसेंबरच्या सुरुवातीला अरबाबनी दोघांना बोलावून सांगितले की जानेवारीपासून दोघांपैकी एकच राहील. जो विक्री करेल तो.

त्यानंतर आठ दिवसांनी बू राशिदसाहेब मला न्यायला आले. बारीक झाले होते. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली आणि त्यांची नजर खालच्या फळीवर गेली.

"खैरुद्दीन, ये छोटी वाली भी दे दो. उसी कागज में डालो."

सतीश कॉम्प्युटरमागून म्हणाला, "सर, नया फॉर्म लगेगा. नई फीस, नई जाँच."

"फिर से? मैं अच्छा आदमी है, ये पूछने का दो-दो बार पैसा?" साहेब हसले. पण पाकिटाकडे गेलेला हात तिथेच थांबला.

खैरुद्दीनने त्या हाताकडे पाहिले. मग त्याने फायलीतून माझा फॉर्म काढला. माझा, ऑगस्टचा. खिशाला निळे पेन होते. माझ्या नंबराखाली त्याने तिचा नंबर लिहिला.

साहेबांनी दोघींचे पैसे रोख मोजले. हिचाही दस्ता माझ्या खांद्याला बसव, गुरुवारी दोन्ही नेतो, असे सांगून ते गेले. दार बंद होताच सतीश उठला.

"भाई, फॉर्म ऑगस्टमध्ये गेलाय. तुम्ही डिसेंबरात त्यात ओळ घुसवताय."

"माणूस तोच आहे ना? चार महिन्यांत काय बदलला?"

"मला काय माहीत! म्हणून तर विचारतात ना परत."

"सतीशराव," खैरुद्दीन म्हणाला, "माझी आई कुलसुम हर्णैच्या बंदरावर मासे विकायची. गिऱ्हाइकाने वाटा उचलला की ती एक बांगडा वर टाकायची. फुकट. त्या एका बांगड्यासाठी बाई दुसऱ्या दिवशी परत आमच्याकडेच यायची. धंदा असा होतो."

"भाई, हा बांगडा नाहीये."

"चौकशी झालीय, फी भरलीय. त्याच फीवर एक वर टाकली. खलास."

मित्रांनो, तुम्ही मला सांगा. ज्या फीसाठी माझा माणूस अकरा दिवस तपासला गेला, त्या फीवर ही आली. एका मिनिटात. वर टाकलेला बांगडा! आणि फॉर्मवर आता दोघींचे नंबर एकाखाली एक, जशा काही आम्ही बहिणी.

रकाना ७. शरीरावरील खुणा

दुसऱ्या दिवशी खैरुद्दीन तिचा दस्ता घासायला बसला. माझ्या वेळी त्याने खरखरीत कागद वापरला होता. तिच्यासाठी बारीक वापरला. माझ्या वेळी तो गप्प होता. तिच्या वेळी गुणगुणत होता. तिच्या दस्त्यावरचा भुसा तो फुंकर मारून उडवत होता. माझा भुसा त्याने फडक्याने झटकला होता.

मी हे सगळे वरच्या फळीवरून पाहिले. वरून चांगले दिसते.

रकाना ८. अर्जदारावर कोणतीही केस आहे काय?

मंगळवारी सतीश बाहेरून आला तो थेट खैरुद्दीनकडे गेला. बोलताना त्याचा आवाज खाली होता, पण काच पातळ असते.

"भाई, बू राशिदवर पोलीस केस आहे. नोव्हेंबरपासून. चेक परत गेलेत. माझ्या रूमवरचा एक जण त्यांच्याच ऑफिसात आहे."

"चेक तर आज सगळ्यांचेच परत जातायत."

"पुढचं ऐका. पार्टनरने बुडवलं म्हणतात. काल सगळ्या स्टाफसमोर ओरडले, त्याला मी सोडणार नाही, त्याच्या घरी जाऊन बघतो."

खैरुद्दीनच्या हातातला घासायचा कागद थांबला.

"नव्या चौकशीला पाठवलं असतं तर ही केस दिसली असती," सतीश म्हणाला.

"कळलं मला."

"मी कुणाला सांगणार नाही, भाई. पण मला विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही."

खरे सांगते, मित्रांनो, मला आनंद झाला. ती पकडली जाणार! निळी ओळ खोडली जाणार आणि फॉर्मवर पुन्हा मी एकटी राहणार. तो पार्टनर, त्याचे घर, यातले काही माझ्या डोक्यात आलेच नाही. मत्सर असा असतो. त्याला खोलीत दोनच वस्तू दिसतात.

रकाना ९. साक्षीदार

बुधवारी दुपारी ताजबी आणि अफशा शाळेतून परस्पर दुकानात आल्या. शिक्षिकेने पालकांना भेटायला बोलावले होते.

"टीचर म्हणाली, पोरगी हुशार आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही," ताजबी सांगत होती. "म्हटलं, आमच्या घरी या, मग बघा तोंड."

अफशा काचेला नाक लावून उभी होती. "अब्बा, धिस स्मॉल वन इज सो क्यूट!"

क्यूट. बंदुकीला!

मग ती काउंटरवरचा उघडा फॉर्म वाचू लागली. "अब्बा, एव्हरीथिंग इज ब्लॅक. व्हाय इज धिस लाइन ब्लू?"

"पेन संपलं होतं, बेटा."

"ओके," अफशा म्हणाली आणि पुन्हा काचेकडे वळली. तिने लगेच विश्वास ठेवला. खैरुद्दीनने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

ताजबीने त्या ओळीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. "तुमच्या खिशाला दोन पेनं असतात. लग्नात पण होती. काय केलंत?"

त्याने सांगितले. केस सांगितली, धमकी सांगितली, जानेवारीचेही सांगितले. ताजबी ऐकत असताना अफशाच्या दप्तराचा पट्टा पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

"अरबाबला सांगितलं तर?" तिने विचारले.

"तर मी गेलो. खोटी नोंद केलीय. मार्चमध्ये हिची परीक्षा आहे, ताजबी."

"आणि नाही सांगितलं, आणि तो बंदूक घेऊन त्या माणसाच्या दारात गेला तर?"

खैरुद्दीनने उघडा फॉर्म मिटून फायलीत ठेवला.

"हर्णैला पण शाळा आहे," ताजबी म्हणाली. "चल गं अफशा, यल्ला. बस जाईल."

रकाना १०. अर्ज दुसऱ्यांदा करत असल्यास कारण

गुरुवारी सकाळी खैरुद्दीनने कोरा फॉर्म घेतला. काळे पेन घेतले. आता तो पहिल्या ओळीत तिचा नंबर लिहील आणि फॉर्म तिथेच संपेल, असे मला वाटले. माझी तर चौकशी झाली होती. माझा कागद सरळ होता. मला घेऊन साहेब सुखाने जाऊ शकत होते.

त्याने तिचा नंबर लिहिला. मग वर पाहिले, माझ्याकडे. बराच वेळ पाहिले. आणि तिच्याखाली माझा नंबर लिहिला. स्वतःच्या पाकिटातून दोनशे दिरहम काढून फॉर्मवर ठेवले.

एक फी, दोघी. पण या वेळी पहिली ओळ तिची होती. वर टाकलेली मी होते.

साहेब आले. त्यांनी फॉर्म पाहिला.

"ये क्या है?"

"नई जाँच, साहब. फीस मैंने भर दी है."

"बड़ी वाली का तो हो गया था."

"हो गया था, साहब. अगस्त में."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "चार महीने में मैं चोर हो गया?"

"मैंने चोर नहीं बोला, साहब."

"ये भेजेगा तो क्या आएगा, मालूम है तुमको?"

"आपको मालूम है, साहब."

साहेबांनी काचेवर हात आपटला. कपाटात आम्ही सगळ्या थरथरलो. "पैसा दिया मैंने! मैं बोलेगा तुम्हारे अरबाब को!"

"मैं भी वही बोलने जा रहा हूँ," खैरुद्दीन म्हणाला.

सतीशने चहाचा कप पुढे केला. साहेबांनी कप घेतला नाही, पण खुर्चीत बसले. त्यांनी फॉर्मवरच्या सहीच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. मग त्यांनी पेन हातात घेतले, टोपण काढले, टोपण लावले आणि पेन ठेवले.

"पैसा मेरा ड्राइवर ले जाएगा," ते म्हणाले.

ते गेले. त्यांच्या हातात काही नव्हते.

रकाना ११. फक्त कार्यालयीन वापरासाठी

खैरुद्दीन दोन्ही फॉर्म घेऊन अरबाबच्या केबिनमध्ये गेला. अरबाबनी निळ्या ओळीवर बोट ठेवले. त्यांचा आवाज चढला नाही. तू स्वतः सांगितलेस म्हणून पोलिसांत देत नाही, एवढे ते म्हणाले. मग म्हणाले, "खलास."

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हाला माझा राग येईल. खैरुद्दीन केबिनमधून बाहेर आला, तेव्हा मला पहिल्यांदा त्याचे वाईट वाटले नाही. पहिल्यांदा वाटले ते हे : त्याने नोकरी घालवली, व्हिसा घालवला, अफशाची शाळा घालवली, आणि ही सगळी किंमत मोजली ती तिच्या ओळीसाठी. माझ्या ओळीत चूक नव्हती. म्हणून माझ्यासाठी कुणी काही गमावले नाही. मला फक्त तेल मिळाले.

वाईट त्यानंतर वाटले. पण त्यानंतरच.

शेवटच्या दिवशी त्याने आम्हा सगळ्यांना एकदा पुसले. सतीश शेजारी उभा होता.

"भाई, माझी नोकरी तुमच्यामुळे राहिली, असं आता सगळे म्हणणार."

"म्हणू दे की. तुझं लग्न जमायला बरं." खैरुद्दीन हसला आणि फडके त्याच्या हातात दिले. "गुरुवार चुकवू नकोस."

सतीश गुरुवार चुकवतो. कॉम्प्युटरवरचा माणूस, त्याला तेलाचा वास सहन होत नाही.

ती फेब्रुवारीतच गेली. नेमबाजी करणाऱ्या एका बाईंनी घेतली. अर्धवट घासलेला तिचा दस्ता त्यांना नेमका बसला. स्वतःचा फॉर्म, स्वतःची फी. एकोणीस दिवस चौकशी चालली. एकोणीस! माझी अकरा.

मी राहिले. माझा दस्ता बू राशिदसाहेबांच्या खांद्याला बेतलेला आहे. जो मला उचलतो तो म्हणतो, बसत नाही, आणि परत ठेवतो. आता नळीवर गंजाचे दोन ठिपके आले आहेत. माझ्याकडे कुणी पाहिले तर किंमत विचारायला पाहतो, तीही कमी होईल का म्हणून.

पुढे एकदा, २०११ च्या सुमारास, खैरुद्दीनचा सतीशला फोन आला. सतीशने फोन काउंटरवर ठेवला, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. तो हर्णैला बोटींची इंजिने दुरुस्त करत होता. अफशा तालुक्याच्या शाळेत होती आणि वर्गात इतकी बोलायची की आता त्यासाठी तक्रार येत होती.

"आणि ती छोटी?" त्याने विचारले. "चांगल्या घरी पडली ना?"

छोटी. एवढ्या वर्षांनी त्याने तिची चौकशी केली. मी वरच्या फळीवर होते, आहे, आणि फोन ठेवला गेला.

त्याच वर्षी एका संध्याकाळी सतीश दारात उभा असताना समोरच्या फुटपाथवरून एक माणूस गेला. सतीशने अरबाबना हळूच सांगितले, "हाच तो, बू राशिदचा पार्टनर." माणसाच्या एका हातात भाजीची पिशवी होती. दुसरा हात त्याच्या लहान मुलीने धरला होता आणि ती त्याला आइस्क्रीमच्या दुकानाकडे ओढत होती. तो नाही नाही म्हणत ओढला जात होता. कोपऱ्यावर दोघे वळले आणि दिसेनासे झाले.

त्या माणसाला काहीच माहीत नाही. त्याच्यासाठी कुणी एक फॉर्म पुन्हा भरला, हे त्याला कधी कळणार नाही. मी मात्र त्या दिवशी कोपऱ्याकडे खूप वेळ पाहत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तेवढा वेळ मला तिची आठवण आली नाही.

रकाना १२. अर्जदाराची विनंती

मित्रांनो, आमच्या जातीत मोठेपणा नेम लागण्यात असतो असे मी समजत होते. नंतर कळले की खरा मान वेगळाच आहे. कुणीतरी तुम्हाला हातात घेऊन दाराकडे निघतो, आणि दुसरा कुणीतरी, स्वतःचे नुकसान होणार हे माहीत असून, म्हणतो : थांबा, ही आज जाणार नाही. तो मान तिला मिळाला. मला तिच्या फीवर, दुसऱ्या ओळीत, थोडासा मिळाला. मला तिचा हेवा वाटतो. ही ओळ मी खोडत नाही.

तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कुणी एखाद्या काउंटरमागे बसेल. समोरचा घाईत असेल, ओळखीचा असेल, हसून म्हणेल की मागे एकदा विचारलेत ना, आता परत कशाला? तेव्हा त्याला खुर्ची द्या आणि परत विचारा. ऑगस्टमध्ये जो माणूस चांगला असतो, त्याला डिसेंबरातही कुणीतरी विचारायला हवे. त्यात त्याचा अपमान नाही. त्याच्याकडे कुणाचे तरी लक्ष आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मला घ्यायला जर कधी कुणी आलेच, तर एवढे करा. माझ्यासाठी नवा फॉर्म काढा. त्यावर दुसरे कुणी लिहू नका. त्याला सगळे प्रश्न विचारा, तो कंटाळेपर्यंत विचारा. आणि तो चिडून उठला, तर मला काचेआड परत ठेवा आणि दार लावून घ्या. मी रागावणार नाही.

अर्जदाराची सही : नंबर नळीवर आहे. गंज पुसून वाचावा.